दमा दप्तरात लपवू नका

जून लागला की आपल्या मॉरिशसमध्ये ऊसतोडणी सुरू होते ती डिसेंबरपर्यंत चालते. त्यात थंडीचे दिवस. अशा वेळी वर्गात एखाद्या मुलाचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागतो. खेड्यात पेटवलेल्या उसाचा धूर, पोर्ट लुईत मोटारींचा धूर, तर क्युरपीपच्या पावसाळी पठारावर भिंतींची बुरशी आणि गाद्यांतली धूळ. कारणे निराळी, छाती मात्र तशीच भरते.

पालक आम्हां शिक्षकांना हळूच सांगतात, "गुरुजी, मुलीची जात आहे, कोणाला कळू देऊ नका." काही तर आम्हांलाही सांगत नाहीत. मग निळा पंप दप्तराच्या तळाशी राहतो, आणि झटका आला की जवळ उभ्या असलेल्या शिक्षकाला तो आहे हेच ठाऊक नसते! लग्नाची काळजी वीस वर्षांनी करता येईल. झटका आजच्या मधल्या सुट्टीत येऊ शकतो.

"पंपाची सवय लागते" ही समजूत घरोघर आहे. ती खोटी आहे. निळा पंप आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत मोकळ्या करतो. आतली सूज मात्र तशीच राहते. त्यासाठी डॉक्टर दुसरा पंप देतात, रोज घ्यायचा. त्यात स्टेरॉइड असते खरे, पण ते थोडे असून थेट फुप्फुसांत जाते. घेतल्यावर चूळ भरावी. मूल जरा हसूखेळू लागले की नेमका हाच पंप बंद केला जातो, आणि पुढच्या महिन्यात धावपळ. निळा पंप वरचेवर लागतो म्हणजे दमा आटोक्यात नाही, असे समजावे.

आजीच्या आले-तुळशीच्या काढ्याशी आमचे भांडण नाही. तो पंपाच्या जागी नको, एवढेच. देवघरातला धूप मात्र मुलाच्या खोलीपासून दूर ठेवावा.

झटक्यात मुलाला आडवे करू नये. ताठ बसवून निळ्या पंपाचा एकेक फवारा स्पेसरमधून द्यावा. आराम पडेना, बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले, तर तत्काळ 114 फिरवावा.

सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत. तेथील डॉक्टरांकडून कोणता पंप, किती फवारे, हे कागदावर लिहून घ्यावे, आणि जानेवारीत शाळा उघडताच तो कागद व एक जादा पंप वर्गशिक्षकांच्या हाती द्यावा. शनिवार-रविवारच्या मराठी वर्गासाठीही तसाच एक.