जुन्या जीपचा ब्रेक : दुखणे कुठे, खूण कुठे

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा मोटारीच्या ब्रेकवर बोलायला हा माणूस कशाला, असे तुम्हाला वाटले तर त्यात तुमची चूक नाही. पण गेली काही वर्षे देवपुरातल्या एका मित्राच्या अंगणात एक जुनी जीप उभी आहे. १९६० च्या आसपासची. मित्राच्या वडिलांनी ती शेतीसाठी घेतली होती. तिच्या ब्रेकपायी आम्ही दोघांनी जितकी डोकी खाजवली, तितकी मी वर्गात अनुमानप्रकरण शिकवतानाही खाजवलेली नाहीत. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. ब्रेकच्या बाबतीत मात्र पुष्कळदा धूर एका डोंगरावर दिसतो आणि अग्नी दुसऱ्याच डोंगरावर असतो. हीच सारी गंमत आहे आणि हाच धोका.

आपल्या खानदेशात अशा जीपा, जुन्या फियाट, ॲम्बेसिडर अजून बऱ्याच दारांत सापडतात. काही मळ्यावर जातात, काही नुसत्या वडिलांची आठवण म्हणून झाकून ठेवलेल्या असतात. काटेकोर बोलायचे तर 'व्हिंटेज' हा शब्द जाणकार लोक १९१९ ते १९३० या काळातल्या मोटारींनाच लावतात. पण आपल्या सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज मानले आहे. तशी नोंद केली की ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. म्हणजे रोज मळ्यावर जाणाऱ्याने तशी नोंद करण्यापूर्वी विचार करावा. असो. नोंद काहीही असो, उतारावर गाडी थांबली पाहिजे.

आधी हा ब्रेक चालतो कसा ते पाहू. पूर्वी मोटारींना सळ्यांचे आणि तारांचे ब्रेक असत. चार चाकांना चार तारा, आणि चारही सारख्या ताणल्या जाणे अवघड. एक चाक आधी धरायचे, दुसरे मागून. माल्कम लॉकहीड या माणसाने १९१७ च्या सुमारास त्यावर तोड काढली : तारेऐवजी नळीत भरलेला द्रव. १९२१ साली अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग मोटारीला असे ब्रेक चारही चाकांना आले. फोर्डसाहेब मात्र हट्टी. त्यांच्या गाड्यांना हे ब्रेक यायला १९३९ साल उजाडले. जीप जन्मली ती हे ब्रेक घेऊनच, आणि १९४९ साली मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली तेव्हा आपल्याकडेही तेच आले.

यामागचा नियम पास्कलचा. बंद जागेतल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. पांझरेकाठच्या आपल्याला बंद नळातल्या पाण्याचा दाब नवा नाही. विश्वेश्वरय्या १८८४ साली सरकारी नोकरीत लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्यावहिल्या कामांतले एक आपल्याच भागात, पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बांधण्याचे होते. पाणी नळातून खाली उतरते आणि पलीकडे आपणहून वर चढते, ते दाबामुळेच. आता जीपचा हिशेब करा. समजा, पायाने तुम्ही २० किलोचा जोर दिला. पेडल ही तरफ आहे, ती त्याचे पाचपट म्हणजे १०० किलो करते. हा जोर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर पडतो. दट्ट्याचे तोंड ५ चौरस सेंटिमीटर धरले, तर नळीत दर चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब झाला. तोच दाब चारही चाकांच्या छोट्या सिलिंडरांत जातो. तिथले दट्टे दोन शू बाहेर ढकलतात, शूवरचे लायनर फिरत्या ड्रमला आतून घासते आणि चाक थांबते. पाय काढला की स्प्रिंगा शू परत ओढतात.

शिक्षकबंधूंनो, हे वर्गात दाखवायला खर्च नाही. सुया काढलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्या, इंजेक्शनच्याच, आणि त्या एका बारीक नळीने जोडा. आत पाणी काठोकाठ भरून एक दाबा : दुसरीचा दट्टा तत्काळ हलतो. आता थोडे पाणी काढून हवा शिरू द्या आणि पुन्हा दाबा. बोटाखाली मऊ लागते, आणि दुसरा दट्टा उशिराने, अर्धवट हलतो. हवा दबते, पाणी दबत नाही. ब्रेकचे पहिले दुखणे मुलांच्या बोटांना तिथेच कळते.

पेडल पायाखाली कसे लागते, यावरून निम्मे निदान होते. पेडल बरेच खाली जाते, पण दोन-तीनदा भराभर दाबले की वर येते आणि टणक लागते : तर लायनर झिजले आहे, शू आणि ड्रम यांच्यात अंतर पडले आहे. शू जवळ घ्या, लायनर फार झिजले असेल तर बदला. वर आले तरी उशीसारखे मऊच लागते : तर नळीत हवा आहे, ती काढा. आणि तिसरा प्रकार सर्वांत लबाड. पेडल टणक लागते, पण पाय तसाच दाबून धरला तर हळूहळू खाली बसत जाते. चाकांपाशी कुठे ओल नाही, ऑइलही कमी होत नाही. मग दाब जातो कुठे? मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी वायसरावरून मागच्या मागे. झटकन दाबलेला ब्रेक लागतो, पण चढावर पाय दाबून उभे राहिलात की गाडी सरकू लागते. या जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच नळी-मार्ग असतो. अमेरिकेत १९६७ च्या सुमारास दोन वेगळे मार्ग सक्तीचे झाले, आपल्या जुन्या जीपला ती चैन नाही. म्हणून बसणारे पेडल उद्यावर टाकू नका.

आता आमच्या जीपचे दुखणे. ब्रेक मारला की ती डावीकडे ओढायची. डावीकडे म्हणजे रस्त्याच्या कडेकडे, आणि त्या कडेने सकाळी शाळेची मुले रांगेने चालतात. एका कारागिराने डाव्या पुढच्या चाकाचे लायनर बदलले. गाडी ओढायची राहिली नाही. पुन्हा तेच चाक खोलले, पुन्हा बदलले. माझ्यातला तर्कशास्त्री गप्पच होता, कारण धूर डावीकडे दिसत होता ना! शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी दोन्हीकडची हवा मोजली, कारण टायर मऊ असले तरी गाडी ओढते. मग मोकळ्या मैदानात चार-पाच वेळा ब्रेक मारायला लावला आणि उतरून पुढच्या दोन्ही ड्रमजवळ उलटा हात नेला. डावा चांगला तापलेला, उजवा थंडगार. हसून म्हणाले, "भाऊ, रोग अठे नही, तठे शे."

बरोबर होते. डावे चाक बिचारे आपले काम चोख करत होते. उजव्या चाकाच्या सिलिंडरातला दट्टा गंजून अडकला होता, तिकडे ब्रेक लागतच नव्हता. एक बाजू थांबते, दुसरी पळते, म्हणून गाडी थांबणाऱ्या बाजूला वळते. जो काम करतो त्याच्यावरच आळ! मात्र याला एक अपवाद ध्यानात ठेवा. लायनरवर थोडे ग्रीस किंवा ऑइल लागले असेल तर ते कधी कधी उलट जास्त पकडते. म्हणून ओढण्याच्या दिशेवरून निकाल देऊ नये. दोन्ही ड्रम तपासावे, आणि लायनर बदलायचे तर एका आसाची दोन्ही चाके मिळून.

या कामातच माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. मागचेही एक चाक पाहून घेऊ म्हणून आम्ही अंगणातच जॅक लावला. अंगणाला किंचित उतार. मी हँडब्रेक ओढला आणि निश्चिंत झालो. मित्राचा पुतण्या चाकाशी बसून नट सोडवत होता, तो पाना आणायला उठला, आणि जीप सावकाश पुढे सरकून जॅकवरून उतरली. ड्रम जिथे फरशीवर आदळला, तिथे क्षणापूर्वी त्या पोराचा पाय होता. कारण नंतर कळले. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच, तो मागच्या आसाकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो. दांडा अडवला तरी डिफरन्शियलमुळे उचललेले चाक एका दिशेने आणि जमिनीवरचे दुसऱ्या दिशेने फिरू शकते. म्हणजे मागचे एक चाक वर उचलले की हँडब्रेक असून नसल्यासारखा. तेव्हा जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून चांगले दगड लावल्याशिवाय जॅकला हात घालू नका, आणि जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नये.

आणखी एक दुखणे म्हणजे ब्रेक लागतो पण सुटत नाही. गाडी जड जाते, चाक तापते, जळका वास येतो. इथे तर्क अगदी पायरीपायरीने चालवता येतो. आधी पेडल हाताने हलवून पाहा. साधारण अर्धा इंच ते मोकळे हलायला हवे. नसेल, तर मास्टर सिलिंडरचा दट्टा पुरता मागे येत नाही आणि ऑइल परतण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते. हे ठीक असेल तर चाक उचला, ब्रेक दाबून सोडा, आणि चाक अडकलेले असताना मास्टर सिलिंडरपाशी नळीचा नट किंचित सैल करा. चाक सुटले तर दोष मास्टर सिलिंडरात किंवा पेडलच्या जोडणीत. सुटले नाही तर चाकामागचे हवा काढायचे निपल सैल करा. आता ऑइलची पिचकारी उडून चाक सुटले, तर दाब मध्येच कोंडला होता. बहुधा रबरी होस पाइप आतून फुगून बंद झालेला असतो. वरून तो नवा दिसेल, पण पायाचा जोर ऑइल आत ढकलतो आणि स्प्रिंगांना ते परत ढकलता येत नाही. निपल सोडूनही चाक अडूनच राहिले, तर द्रवाचा दोष नाही : दट्टा गंजला आहे, स्प्रिंग तुटली आहे किंवा शू फार जवळ घेतले आहेत. सैल केलेला प्रत्येक नट नंतर आवळा आणि हवा काढा.

हवा काढायला दोन माणसे लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. निपलला नळी, नळीचे टोक बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने निपल उघडायचे, बुडबुडे गेले की बंद करायचे, मगच पहिल्याने पाय सोडायचा. जीपचे मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीखाली दडलेले असते. त्याचे झाकण उघडण्याआधी वरची माती पुसा, आणि काम चालू असताना ते रिकामे होऊ देऊ नका, नाहीतर सारी मेहनत फुकट. बाटलीतले ऑइल परत ओतायचे नाही.

'ब्रेक ऑइल' या नावाने मोठा घात केला आहे. ते आपल्या नेहमीच्या अर्थाने तेल नव्हेच. जवळ नाही म्हणून कुणी इंजिनचे ऑइल ओतले, तर त्याने आतली सारी रबरे फुगतात. ब्रेक एकदा जाम होतो, आणि मग एकूण एक वायसर, होस पाइप बदलल्यावाचून सुटका नाही. शिवाय खरे ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहते. डॉट-३ जातीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल प्यायलेल्याची तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल घेऊन तुम्ही चाळीसगावकडचा कन्नडचा घाट उतरत असाल, पाय सारखा ब्रेकवर असेल, तर चाकापाशी ते उकळून वाफ होते. वाफ हवेसारखीच दबते. पेडल एकाएकी तळाला जाते. गाडी निवली की ब्रेक पुन्हा ठीक, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला दोष सापडत नाही! पेडल टणक असूनही घाटात ब्रेक धरेनासा झाला, तर ते वेगळे : लायनर तापून गुळगुळीत झाले आहे आणि ड्रम उष्णतेने फैलावला आहे. दोन्हीला उपाय एकच, उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाकणे. दोन वर्षांनी ऑइल बदलावे, ते स्वस्त पडते.

पावसाळ्यात नाला ओलांडल्यावर ब्रेक लागला नाही तर घाबरू नका. लायनर ओले झाले आहे. सावकाश चालवत पेडल हलके दाबून धरा, ते वाळते. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा पंपाने उडवू नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या.

आमच्या जीपला उजवीकडे नवा सिलिंडर बसला, पुढचे दोन्ही लायनर नवे झाले, हवा काढून झाली. निघण्यापूर्वी मिस्त्रींनी उभ्या गाडीतच पेडल दाबायला लावले, पाचदा, आणि पेडल टणक होऊन तिथेच ठरते याची खात्री केली. मग पांझरेकाठच्या मोकळ्या, भुसभुशीत जागेत माणसाच्या चालीने नेऊन एकदम ब्रेक मारला. आम्ही उतरून मागे पाहिले. मातीत चाकांचे घसरलेले माग उमटले होते. मित्राने वाकून ते वितीने मोजले. डावा आणि उजवा, दोन्ही सारखे भरले.