जंतूंची वंशावळ

वॉर्डात एमआरएसए हा प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू सापडला, एवढं कळून डॉक्टरांचं भागत नाही. तो कुणाकडून कुणाकडे गेला हे कळलं, तरच पुढचा रुग्ण वाचवता येतो. शॅरन पीकॉक या ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंचं प्रतिजैविक-प्रतिरोधावरचं काम मला या एकाच प्रश्नाभोवती उभं राहिलेलं दिसतं. त्याचं मूळ बहुधा त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत असावं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मग दुकानात नोकरी, दंतवैद्याकडे मदतनिशी, नंतर परिचारिकेचं शिक्षण. नोकरी सांभाळून विज्ञानाचा अभ्यास करत त्यांनी 1988 मध्ये साउदॅम्प्टनहून वैद्यकीय पदवी घेतली. रुग्ण त्यांना आधी भेटला, जनुकं पुष्कळ नंतर.

2002 ते 2009 त्या थायलंडमध्ये होत्या. तिथल्या ईशान्य भागात मेलिऑइडोसिस हा आजार पुष्कळ. त्याचा जंतू भातखाचराच्या मातीत राहतो आणि चिखलात अनवाणी उभ्या शेतकऱ्याच्या पायाच्या जखमेतून आत शिरतो. मधुमेह असेल तर धोका फार वाढतो. आपल्या शेजारी उडुपी-मणिपालच्या किनारपट्टीतही हे रुग्ण आढळतात आणि कित्येकदा क्षयरोग समजून उपचार सुरू होतात. पेनिसिलिन, जेंटामायसिन यांसारख्या नेहमीच्या औषधांना हा जंतू मुळातच सहसा दाद देत नाही. 2004 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला: दोन गुणसूत्रं, मिळून सुमारे 72 लाख अक्षरं. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पीकॉक होत्या.

पुढचा टप्पा 2010 चा. थायलंडच्या एकाच रुग्णालयातले 20 आणि जगभरातले 43 अशा 63 एमआरएसए नमुन्यांची जनुकीय अक्षरं ताडून पाहिली, तेव्हा या जंतूत साधारण सहा आठवड्यांना एक बदल साचतो असं दिसलं. हा वेग कळला आणि वंशावळ मांडणं शक्य झालं. वंशावळी राखणारा हेळवी वही उघडून एखाद्या घराण्याची कोणती शाखा कुठे फुटली ते सांगतो, तसं आता जंतूंबद्दल सांगता येऊ लागलं.

त्याचा खरा कस लागला 2011 मध्ये, केंब्रिजच्या रोझी हॉस्पिटलमधल्या नवजात बालकांच्या विशेष कक्षात. सहा महिन्यांत 12 बाळांच्या अंगावर एमआरएसए मिळाला होता. पण दोन बाळांच्या मध्ये कधीकधी बरेच दिवस कोरडे गेलेले, त्यामुळे ही एकच साथ आहे की सुटे प्रसंग, हे नेहमीच्या तपासणीतून ठरेना. सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट जंतू कोणत्या औषधाला दबतो ते सांगतो. त्याचं कूळ सांगत नाही. जनुकसंच वाचल्यावर साथ उघड झाली, आणि ती कक्षाच्या भिंतींत मावणारी नव्हती. प्रसूतीनंतरच्या वॉर्डातल्या आया आणि बाहेरची माणसं धरून एकमेकांशी जुळणारे 26 जण निघाले. मग 64 दिवस एकही नवं बाळ सापडलं नाही आणि पुन्हा एक सापडलं. कूळ तेच! 154 कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि एकाच्या अंगावर तोच जंतू मिळाला. त्या व्यक्तीला स्वतःला काही त्रास होत होता असं नाही. उपचार करून जंतू काढून टाकण्यात आला. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की संशयाची सुई साऱ्या कर्मचाऱ्यांवर फिरत राहिली नाही.

पुढे इंग्लंडच्या पूर्व भागात वर्षभर 1465 रुग्णांचे एमआरएसए नमुने अभ्यासले, तेव्हा संक्रमणाच्या 173 साखळ्या सापडल्या आणि त्यांत 598 माणसं गुंतलेली होती. बहुतेक साखळ्या रुग्णालयातल्या संपर्काने जोडल्या जात होत्या, पण काही थेट घराघरांतून आणि फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतून जात होत्या.

त्याच भागातल्या ई. कोलायच्या अभ्यासाने एका प्रचलित समजाला धक्का दिला. प्रतिरोधी जंतू थेट जनावरांकडून माणसांकडे येतात, हे ऐकायला पटतं. पण गोठ्यांतले आणि रुग्णांच्या रक्तातले जंतू ताडून पाहिल्यावर अलीकडच्या थेट संक्रमणाचा पुरावा फारच थोडा मिळाला. याचा अर्थ पशुखाद्यातली प्रतिजैविकं निरुपद्रवी ठरली असा कुणी काढू नये. त्या प्रदेशापुरतं आणि त्या जंतूपुरतं तेवढंच म्हणता येतं.

कोविडकाळात ब्रिटनच्या विषाणू-जनुकवाचनाची धुरा पीकॉक यांच्याकडे आली, ती जनुकं वाचून संसर्गाचा माग काढण्याच्या याच सवयीमुळे. आपल्याकडे मात्र जनुकवाचनाच्या कितीतरी आधीच्या टप्प्यावरच अडचण आहे. कल्चरला नमुना पाठवण्याआधीच प्रतिजैविकाचा डोस गेलेला असतो, आणि जंतू वाढलाच नाही तर त्याची वंशावळ कशावरून मांडणार?