लांब इंग्रजी शब्द कसा फोडावा?
गोव्यात पेडणे, डिचोलीतली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. तिथे लांब शब्द त्यांना अडवतात. मोपाच्या विमानतळाच्या नावातला ‘इंटरनॅशनल’ घ्या. स्पेलिंग 13 अक्षरांचं. उच्चारासाठी तो इन-टर-नॅ-श-नल असा तुटतो, जोर ‘नॅ’वर. अर्थासाठी मात्र तुकडे वेगळे: इंटर म्हणजे परस्परांमधला, नेशन म्हणजे राष्ट्र, आणि अल हा विशेषण करणारा प्रत्यय. ‘नेशन’मधला ‘ने’ इथे ‘नॅ’ होतो, म्हणून मूळ शब्द कानाला सापडत नाही. स्पेलिंगमध्ये तो जसाच्या तसा असतो. मराठीतही आंतर-राष्ट्र-ईय अशीच फोड होते, तेव्हा ही रीत आपल्या मुलांना परकी नाही. शिक्षकांनी आधी अर्थाचे तुकडे दाखवावेत, मग उच्चाराचे. नुसतं स्पेलिंग घोकून घेऊ नये.