जुनी रोड बाईक घेताय? रंग नंतर बघा, आधी चाक फिरवा

भोपाळ : बाग सेवनियातल्या भाड्याच्या खोल्या दरवर्षी रिकाम्या होतात आणि पुन्हा भरतात. एका बाजूला एम्स, दुसऱ्या बाजूला बरकतउल्ला विद्यापीठ. त्यामुळे वस्तीत शिकणारी पोरं भरपूर, आणि त्यात बैतूल, मुलताई, पांढुर्णा, छिंदवाडा, वरुड, नागपूर अशा गावांकडून आलेली मराठी बोलणारी पोरंही आलीच. कोर्स संपला की जाणारा माणूस कूलर, गादी, टेबल विकून मोकळा होतो. त्या सामानात कधी कधी एखादी रोड बाईकही असते.

रोड बाईक म्हणजे मोटारसायकल नव्हे, हे घरच्यांना फोनवर आधी सांगावं लागतं. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, वजनाला हलकी अशी ही सायकल. नवी घ्यायची तर शिकणाऱ्या पोराच्या खिशाला जड जाते, म्हणून सेकंडहँडकडे ओढा असतो. होशंगाबाद रोड दारातच आहे. (होशंगाबादचं नर्मदापुरम झालं, तरी रस्त्याला लोक जुन्याच नावाने ओळखतात.) 2017 साली भोपाळात सार्वजनिक सायकल योजना आली, तेव्हा याच रस्त्याच्या कडेने सायकल ट्रॅकही झाला. पुढे मिसरोद, अकरा मैल, तिथून वळून भोजपूर. सकाळी लवकर निघालं तर झकास फेरी होते.

घोळ होतो तो घेताना. घेणारा रंग बघतो, गिअर किती ते मोजतो, ब्रँडचं नाव वाचतो आणि पैसे देतो. पंधरा दिवसांनी मागच्या चाकातून 'टण्ण' आवाज येतो आणि चाक ब्रेकला घासायला लागतं. खरा खर्च तिथून सुरू होतो. जुन्या सायकलीची चेन, ब्रेकचे रबर, केबल, सीट हे सगळं बदलता येतं आणि त्याचा अंदाजही बांधता येतो. चाकाचं तसं नाही. समजा सायकल आठ हजारांना मिळाली आणि महिन्याभरात मागचं चाक नव्याने बांधायला तीन हजार गेले, तर ती अकरा हजारांची सायकल झाली. आणि ही गोष्ट व्यवहाराच्या वेळी दोन मिनिटांत कळू शकली असती.

दोन मिनिटांची तपासणी

सायकल उलटी करा, किंवा कुणाला तरी मागून उचलून धरायला सांगा. चाक फिरवा आणि नजर रिमवर नव्हे, ब्रेकच्या रबरावर ठेवा. रबर आणि रिम यांच्यातली फट सारखी राहिली तर चाक सरळ आहे. फट एका ठिकाणी कमी आणि एका ठिकाणी जास्त होत असेल तर चाकात आऊट आहे. फट एखादा मिलिमीटर हलत असेल तर घाबरायचं कारण नाही, तो आऊट निघतो. पण रिम दोन्ही बाजूंच्या रबरांना आळीपाळीने घासत असेल तर सावध व्हा. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर फ्रेमला बोट टेकवून त्याचं टोक रिमजवळ धरा, तेच काम होतं.

आता तेच चाक वरून बघा. रिम एका जागी खाली बसलेली दिसते का? खड्ड्यात आदळलेल्या रिमला असा चपटा भाग येतो. बाजूचा आऊट मिस्त्री काढून देतो, पण बसलेली रिम सहसा पूर्ववत होत नाही. विकणारा म्हणेल, "थोडं ट्रूइंग केलं की होऊन जाईल." त्यावर विश्वास ठेवायचा तर किंमतही त्याच हिशेबाने पाडून मागा.

मग स्पोक, म्हणजे आपल्याकडे काही जण ज्यांना नुसत्या तारा म्हणतात त्या. भोपाळच्या दुकानात 'तीली' म्हणा, लगेच कळेल. चाकाच्या एकाच बाजूच्या स्पोक बोटाने एकेक छेडून बघा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. मधेच एखादी भद्द वाजली तर ती ढिली आहे. मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या स्पोकचा आवाज दुसऱ्या बाजूपेक्षा चढा असतो, तो दोष नव्हे. गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून त्या बाजूच्या स्पोक उभट बसवतात आणि जास्त ताणतात.

आणि एक खूण कुणी सांगत नाही. सगळ्या स्पोक मळकट असताना मधेच दोन-तीन चकचकीत दिसल्या, तर त्या नंतर बदललेल्या आहेत. एक बदललेली असेल तर काठी-दगड अडकून तुटली असेल. तीन बदललेल्या असतील तर उरलेल्याही रांगेत उभ्या आहेत.

स्पोक तुटते का?

लोकांना वाटतं, जास्त ताणली म्हणून तुटली. बहुतेक वेळा उलटं असतं. चाक बांधताना प्रत्येक स्पोक आधीच ताणलेली असते. चाक फिरताना जी स्पोक खाली जमिनीकडे येते तिचा ताण क्षणभर उतरतो, वर गेली की पुन्हा चढतो. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने 1981 साली सायकलच्या चाकावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हा सगळा हिशेब मांडला आहे. रोड बाईकच्या चाकाचा एक फेरा सुमारे 2.1 मीटरचा, म्हणजे किलोमीटरला पावणेपाचशे फेरे. भोजपूरकडे जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर झाले तर प्रत्येक स्पोक एकोणीस हजार वेळा ढिली-ताठ झाली. पत्रा सारखा वाकवत राहिलं की जसा एके ठिकाणी तुटतो, तसंच हे. चाक ढिलं बांधलेलं असेल तर ही हालचाल आणखी वाढते. स्पोक बहुधा हबजवळ वाकलेल्या कोपरातच तुटते, आणि जास्त करून मागच्या चाकात, गिअरच्या बाजूला.

म्हणून पहिली तुटली तर बदलून घ्या. दुसरी तुटली तर लक्ष ठेवा. काही महिन्यांत तिसरी तुटली तर एकेक बदलण्यात पैसे घालवू नका, त्या चाकाच्या सगळ्या स्पोक नव्या टाकून चाक पुन्हा बांधून घेणं स्वस्त पडतं. हब आणि रिम चांगली असेल तर तीच ठेवता येतात.

रिम चांगली आहे की नाही हे ठरवायचं कसं? ब्रेकचे रबर जिथे घासतात ती पट्टी बघा. रिम-ब्रेकच्या सायकलीत रबराबरोबर रिमही झिजत असते. अनेक रिमवर झीज कळावी म्हणून एक बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो पुसला गेला असेल तर रिमचं आयुष्य संपलं. खाच नसेल तर एटीएम कार्डाची कड त्या पट्टीवर उभी धरा. मधे उजेड दिसला, म्हणजे पट्टी आत खोलगट झाली आहे. अशी रिम भरलेल्या हवेच्या दाबाने चालत्या सायकलीवर फाटू शकते. स्पोक जिथे रिममध्ये शिरते त्या भोकाभोवती केसासारखी चीर दिसली तरी तोच निकाल. या दोन गोष्टींत घासाघीस नको, सरळ नव्या रिमचे पैसे वजा करा नाही तर सायकल सोडा.

शेवटी हब. चाक वरून धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड हललं तर कोन ढिले आहेत, ते आवळता येतात. पण चाक हळू फिरवताना हाताला दाणेदार लागत असेल तर छर्रे गेले, कदाचित कोनही. छर्रे आणि ग्रीस स्वस्तात होतं, हबची आतली वाटी खराब झाली असेल तर नाही.

आकडा टायरवर असतो

साधा सायकलवाला आपल्या नेहमीच्या सायकलींचा राजा असतो. त्याच्याकडच्या उभ्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात 32 आणि मागच्यात 40 स्पोक असतात, आणि तो ते चाक डोळे मिटून बांधेल. रोड बाईकमध्ये त्याच स्पोक 20, 24, 28 किंवा 32 असतात. लांबीही वेगळी. म्हणून 'रोड बाईकची स्पोक द्या' असं सांगून भागत नाही. तुटलेल्या स्पोकचे दोन्ही तुकडे जपून न्या. लांबी मिलिमीटरमध्ये, कोपराच्या आतल्या बाजूपासून आट्याच्या टोकापर्यंत मोजतात. मागच्या चाकात बहुधा दोन बाजूंची लांबी एक-दोन मिलिमीटरने वेगळी असते, तेव्हा कुठल्या बाजूची तुटली तेही सांगा. एकदा बरोबर लांबी कळली की दोन्ही बाजूंच्या दोन-दोन स्पोक निपलसकट घेऊन खोलीत ठेवाव्यात.

टायरचंही तसंच. टायरच्या कडेला 25-622 असा आकडा असतो. त्यातला 622 महत्त्वाचा, तो रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. 700सी म्हणतात ते हेच. खाली वळलेल्या हँडलच्या काही जुन्या सायकलींचं चाक 27 इंची असतं, त्याचा आकडा 630. दिसायला दोन्ही सारखीच, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. आठ मिलिमीटरचा फरक. जुनी सायकल घेताना 630 दिसला तर पुढे टायर शोधत फिरायची तयारी ठेवा.

हवेचीही एक गंमत आहे. यातल्या बऱ्याच सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्याला पंक्चरच्या दुकानातला पंप लागत नाही. एक छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, तो किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवायचा. हवा कमी ठेवून खड्ड्यात गेलात तर ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी, आणि रिमला ठोका बसतो तो वेगळाच. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, तेव्हा हवा बघूनच निघावं.

मिस्त्रीकडे गेल्यावर

आऊट काढणं म्हणजे निपल पाव-पाव फेरा फिरवत रिमला जागेवर आणणं. रिम उजवीकडे गेली असेल तर तिथल्या डावीकडच्या स्पोक थोड्या आवळायच्या, उजवीकडच्या तेवढ्याच ढिल्या करायच्या. जो मिस्त्री एकाच बाजूला आवळत सुटतो त्याच्या हातून चाक सरळ दिसतं, पण रिम फ्रेमच्या मधोमध राहत नाही. त्याच्या हातात पक्कड दिसली तर थांबवा. निपलला त्याच्या मापाचीच चावी लागते, पक्कडीने ती गोल होते आणि मग ते चाक कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

गिअरच्या बाजूची स्पोक तुटली तर आधी गिअरच्या चकत्या काढाव्या लागतात. त्याला ठरावीक खाचांचं अवजार लागतं. "चकत्या काढायचं टूल आहे का?" एवढं विचारलं की दुकान आपल्या कामाचं आहे की नाही ते कळतं. नसेल तर चाक तेवढं काढून मोठ्या दुकानात न्या. छिन्नी-हातोड्याने उघडायला देऊ नका. मजुरी आणि सामान यांचे पैसे वेगवेगळे विचारून घ्या, तेही काम सुरू व्हायच्या आधी.

रस्त्यातच स्पोक तुटली तर? तुटलेली शेजारच्या स्पोकला गुंडाळा, ब्रेकचा खटका उघडून फट वाढवा आणि सावकाश घर गाठा. मागचा ब्रेक तेवढ्यापुरता गेला हे ध्यानात ठेवून पुढच्यावर सांभाळून चालवा. ज्या बाजूची स्पोक तुटते तिच्या उलट दिशेला रिम झुकते, त्यामुळे 28 किंवा 32 स्पोकच्या चाकावर घर गाठता येतं. 20 स्पोकच्या चाकावर मात्र पायी चालणंच बरं.

कागद आणि पार्सल

सायकलीला आरसी नसते, म्हणून कागदाकडे दुर्लक्ष होतं. पेडलच्या दांड्याखाली, फ्रेमच्या पोटावर नंबर कोरलेला असतो. तो बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. बिल हरवलं असेल तर साध्या कागदावर नंबर, तारीख, रक्कम, दोघांची नावं आणि सह्या घ्या, पैसे शक्यतो यूपीआयने द्या. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. विकणारा नंबर दाखवायला का-कू करत असेल तर चाकं कितीही सरळ असोत, परत फिरा.

बिल मिळालं तर त्याची तारीखही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. त्याआधीच्या बिलावरची किंमत धरून कुणी हिशेब सांगत असेल, तर आज तीच सायकल नवी कितीला पडते ते आधी विचारून या.

आणि सायकल गावाकडे न्यायची असेल, तर ती रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून पार्सलने जाते. बुकिंगच्या आधी पेडल काढा, हँडल आडवं फिरवून बांधा आणि मागच्या गिअरच्या बाजूला जाड पुठ्ठा लावा. तिथे धक्का बसून गिअर धरणारी कडी आत वाकली, तर घरी पोचल्यावर सगळ्यात मोठ्या चकतीवर गिअर टाकताच तो स्पोकमध्ये शिरतो आणि अख्खं चाक घेऊन जातो. म्हणून उतरवून घेतल्यावर लगेच बसू नका. मागचं चाक उचलून, हाताने पेडल फिरवून गिअर एकेक करत वर चढवा आणि तो स्पोकपासून किती लांब राहतो ते बघा.