बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) : निसर्गाच्या नोंदींची परंपरा

स्थापना : 15 सप्टेंबर 1883, मुंबई. संस्थापक आठ, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय.

बोधचिन्ह : महाधनेश. 'विल्यम' नावाचा महाधनेश 1894 पासून 1920 पर्यंत संस्थेच्या कार्यालयातच राहत होता. मानद सचिव फिप्सन यांच्या खुर्चीमागे त्याची जागा असे. आज फोर्टमधील मुख्यालयाचे नावही 'हॉर्नबिल हाऊस' आहे.

नियतकालिक : 1886 पासून. भारतीय उपखंडातील जीवसृष्टीच्या अभ्यासकांना त्याचे जुने अंक आजही चाळावे लागतात.

सलीम अली : 1908 मध्ये पिवळ्या गळ्याची एक मेलेली चिमणी ओळखून घ्यायला हा मुलगा संस्थेत आला. सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे त्याच्यापुढे उघडले. पुढे हेच सलीम अली भारतीय पक्षिशास्त्राचा आधारवड झाले.

संग्रह : सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी व कीटकांचे लाखाहून अधिक नमुने.

पक्ष्यांना कडी : पायात क्रमांकाची हलकी कडी घालून पक्षी सोडतात. तो पुन्हा कुठे सापडला, तर स्थलांतराचा मार्ग उलगडतो.

गिधाडे : जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, अशा मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन, गिधाडे झपाट्याने घटली. 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे संस्था गिधाडांची पैदास करते. ही गिधाडे पुन्हा मोकळ्या आभाळात वाढावीत, यासाठी आपल्या गोठ्यात कोणते औषध वापरले जाते याकडेही लक्ष हवे.