रात्री दोनचा गजर

रात्री दोनचा गजर लावून उठणारी एक पिढी अमरावती-अकोल्यात होऊन गेली. अभ्यासाला नव्हे, डाऊनलोडला. बीएसएनएलच्या ‘होम ५००’ योजनेत महिन्याचा डेटा मोजून मिळे. तो संपला की एमबीमागे पैसे. रात्री २ ते सकाळी ८ मात्र मीटर बंद, ओढा किती ओढायचं ते! २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसलाही ‘ब्रॉडबँड’ म्हणत, त्यामुळे एका सिनेमाला अख्खी रात्र लागायची. मोडेमचे हिरवे दिवे लुकलुकत राहायचे. आठच्या आत डाऊनलोड थांबवायचं काम घरातल्या कुणावर तरी सोपवलेलं असे. त्याचा डोळा लागला, की महिनाअखेरीस बिल थेट वडिलांच्या हातात.

‘काहून नेट वाया घालवतं बे?’ हा प्रश्न तेव्हा घरोघरी ऐकू यायचा. तो अर्धाच खरा होता. काटेपूर्णा धरणातलं पाणी अकोल्याने आज वाचवलं तर उद्या प्यायला उरतं. बँडविड्थ साठत नाही. पहाटे तीनला तार रिकामी राहिली तर तेवढी क्षमता गेलीच. ‘शकुंतला’ रेल्वे मूर्तिजापूरहून सुटली की तिचं रिकामं बाक वाया जायचं, तसंच. कंपनीलाही हे ठाऊक होतं, म्हणून तर रात्र फुकट होती.

संध्याकाळचं गणित वेगळं. घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तार ज्याची त्याची, पण तिथून पुढचा रस्ता सगळ्यांचा एकच. रात्री नऊला एकाने टोरंट लावलं की दुसऱ्याचा परीक्षेचा अर्ज अडकू शके. उधळपट्टी म्हणायची तर ही.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि काटकसरीची भाषाच उलटली. पुढे रोजचा एक जीबी मिळू लागला. उरलेला मध्यरात्री बुडायचा. डेटा वाया जाऊ नये म्हणून साडेअकराला व्हिडिओ लावणं सुरू झालं. हा हिशेब कंपनीच्या वहीतला होता, तारेतला नव्हे. तारेतला हिशेब मार्च २०२० मध्ये दिसला. टाळेबंदीत सगळेच घरी बसले, तेव्हा मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाइलवरचं चित्र ४८०पीवर आणलं.

अमरावती जिल्ह्यातल्याच डोंगराळ मेळघाटात प्रश्नच निराळा. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं आणि २०१९ च्या प्रचारात राज ठाकरे यांनी त्या दाव्याची चिरफाड सभेत पडद्यावर केली. नेट वाया घालवायचं तर ते आधी घाट चढून यायला हवं ना!

नोव्हेंबर २०२१ मध्ये दंगलीनंतर अमरावतीत संचारबंदी लागली, इंटरनेटही बंद झालं. दिवसचे दिवस कुणी काही ओढलं नाही. सेवा सुरू झाली तेव्हा त्या दिवसांतलं काहीच तारेत साठून राहिलेलं नव्हतं.