औषधविक्री, गैरवर्तन आणि शिस्तभंगाची कारवाई

औषधाच्या दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत, तर औषध देणाऱ्या फार्मासिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या अखत्यारीत येते, हा भेद बीड जिल्ह्यातील प्रत्येक ग्राहकाने ध्यानी ठेवावा. फार्मासिस्टला न्यायालयाने दोषी ठरविले असेल, अथवा व्यवसायात त्याचे आचरण लांच्छनास्पद ठरले असेल, तर 1948 च्या फार्मसी कायद्याच्या 36 व्या कलमान्वये कौन्सिलची कार्यकारी समिती, त्यास आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन, त्याचे नाव नोंदवहीतून कमी करण्याचा हुकूम देऊ शकते; मात्र कौन्सिलने तो हुकूम कायम केल्यावर तीन महिने उलटल्याखेरीज तो अमलात येत नाही, आणि 30 दिवसांच्या मुदतीत राज्य सरकारकडे अपील करता येते.

ज्या जिल्ह्याचे बाल लिंगगुणोत्तर 2011 च्या जनगणनेत राज्यात सर्वांत खालावलेले आढळले, आणि जेथे 2012 साली परळीचे स्त्रीभ्रूणहत्या-प्रकरण उघडकीस आले, तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना गर्भपाताच्या गोळ्या विकणे हा केवळ नियमभंग नव्हे, तर समाजद्रोह होय. म्हणून ग्राहकांनी प्रत्येक खरेदीची पावती मागावी, फार्मासिस्टच्या गैरहजेरीत औषध दिले गेल्यास लेखी तक्रार करावी आणि तिची पोच अवश्य जपून ठेवावी.